पाय टेकले होते की नव्हते

४ सप्टेंबर

दादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा नमस्कार आणि तुझ्या आजीचा आशीर्वाद. दोन्ही एकाच बाईकडून आहेत, म्हणून एकाच पाकिटात घातले.

तिकडे दूर दक्षिणेला, केचिकन शहराच्या पावसात तुझं डोकं भिजून गेलं असेल, म्हणून आठवण करून देते. तुझ्या जन्माआधीच्या हिवाळ्यात माझा थोरला भाऊ तुलुगाक बर्फ फुटून नदीत गेला आणि त्याचं नाव तुला दिलं. ज्याचं नाव, तोच माणूस. शाळेच्या दाखल्यावर तू वेंडेल असशील, सरकारी बिल्ल्यावर शिकार-अधिकारी असशील, मला तू दादाच. नुसता नातू असतास तर कान धरून विचारलं असतं, अकरा वर्षं कुठे होतास? थोरल्या भावाला असं विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. म्हणून विचारत नाही.

अक्षर ओळखलंस का? ओरव्हिलचं आहे. तुझ्या आजोबांचा भाचा, लहानपणी तुझ्या बुटात मासा घालून ठेवायचा तोच. आता तो गावचा पोलीस आहे. मला बापानं शाळेत न घालता जाळ्यांवर बसवलं, आणि माशांनी मला कधी अक्षर विचारलं नाही. माझी पत्रं मास्तरीणबाई लिहायच्या, त्या बदलून गेल्या. आता गावात वळणदार अक्षर एकाचंच, आणि ते लोकांच्या नावानं गुन्ह्याच्या चिठ्ठ्या लिहून लिहून वळलंय. परवा त्यानं माझ्या नावाची लिहिली. इतकी सुबक लिहिली की मी म्हटलं, पत्राला हाच माणूस हवा. हे लिहिताना त्याचे कान लाल झालेत. तेही लिही रे, ओरव्हिल.

झालं ते असं. मी मासे वाळवायच्या मांडवाखाली, काठाला बांधलेल्या होडीत बसून मासे चिरत होते. आजोबांची बावीस नंबरची, बारक्या गोळीची बंदूक शेजारी. ती असतेच. पलीकडच्या कड्यावर एका पाहुण्याचा तंबू होता. टेक्सासचा दात काढणारा डॉक्टर, हॅस्केल नावाचा, विमान भाड्यानं घेऊन शिंगांसाठी आला होता. त्याची बंदूक केवढी, तर तिच्या आवाजानं माझ्या चहात लाटा येतात. सकाळी कॅरिबूंचा कळप नदीवर आला. आपण पुढच्यांना जाऊ देतो, मागचे त्यांच्या वासावर बिनघोर येतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत. डॉक्टरला नव्हतं. त्यानं पहिल्याच हरणावर बार काढला. लागला कुणालाच नाही, पण सगळा कळप खालच्या अंगाला वळला आणि माझ्या होडीवरून जायला लागला, जसं काही मीच बोलावलं होतं.

मी एक लठ्ठ बघितलं. दोन वल्ह्यांच्या अंतरावर होतं. कानामागे एक गोळी, बास.

डॉक्टरनं दुर्बिणीतून पाहिलं आणि रेडिओवरून शहरात कळवलं की एक म्हातारी खेळण्यातल्या बंदुकीनं जनावरांचे हाल करते आहे. इथे प्रत्येक घरात तसला बोलायचा रेडिओ दिवसभर चालू, त्यामुळे ओरव्हिलला हुकूम मिळायच्या आधी मला बातमी मिळाली, आणि तो टोपी हातात घेऊन आला तोवर चहा उकळला होता.

"मामी," तो म्हणाला, "कागद करावा लागेल."

मग त्यानं मला कायदा वाचून दाखवला. मोठ्या जनावरावर बावीस चालवायची नाही. आपल्या टापूला मात्र सवलत आहे, कॅरिबू पोहत असेल तर चालते. पोहत असेल तर शिकार, पाय टेकले तर गुन्हा. म्हणजे एक्याऐंशी वर्षांची माझी अब्रू आता एका मेलेल्या हरणाच्या खुरांवर उभी आहे. उभी की तरंगत, तोच वाद.

कायदा वेडा नाही हं. आपलीच जुनी रीत कुणी तरी लिहून काढलीय. पाण्यात हरण हाताशी येतं, मान वर काढलेली, पळायला जागा नाही. तिथे बारकी गोळी पुरते, आणि मेलेलं हरण बुडतही नाही. जमिनीवर तीच गोळी म्हणजे डास चावल्यासारखी. हरण ती अंगात घेऊन चालतं आणि लांब कुठे तरी लांडग्यांच्या दारात जाऊन पडतं. हे तुला मी काय सांगायचं.

मांस जप्त झालं. जप्तीचं मांस गावातल्या म्हाताऱ्यांना वाटायचं, असा नियम आहे. गावात सगळ्यांत म्हातारं कोण, याचा ओरव्हिलनं अंगणात उभं राहून थोडा वेळ विचार केला. मग मागचा फरा पुढच्या दारानं बाहेर नेला, घराला वळसा घातला, आणि त्याच दारानं आत आणला. मी सही म्हणून अंगठा दिला.

बंदूक मात्र त्याच्या कपाटात गेली. दस्त्याला आजोबांनी गुंडाळलेली तांब्याची तार तुला आठवत असेल. तीस तारखेला शाळेत टेलिफोनवरून खटला आहे. तू कायद्यातला माणूस, तेव्हा काय बोलू ते कळव. नुसती संत्र्यांची पेटी पाठवू नकोस. संत्री गोड असतात पण बोलत नाहीत.

तुझी धाकटी बहीण,
लेना आजी


१५ सप्टेंबर

दादास,

तुझं पत्र पोचलं. यंत्रावर टंकलेलं होतं. वर तारीख, खाली सही, मध्ये चार प्रश्न आणि त्यांच्याखाली रेघा. ओरव्हिल म्हणाला, असंच पत्र त्याला वरच्या साहेबाचं येतं. मी कशी आहे, हा पाचवा प्रश्न बहुतेक विमानातून खाली पडला. मी बरी आहे.

पहिला प्रश्न, पाणी किती खोल होतं? मी होडीतून उतरले नव्हते, दादा.

दुसरा, हरणाचं तोंड कुठे होतं? पुढे. मागे शेपटी होती.

तिसरा, पाठ किती दिसत होती आणि त्यानं अंग झटकलं का? हा शहाण्याचा प्रश्न. काठाला पाय लागले की हरण आधी अंग झटकतं, हे तुला आजोबांनी शिकवलं होतं. विसरला नाहीस, बरं वाटलं. उत्तर मात्र देत नाही. ओरव्हिल पोलीस आहे आणि लिहितोही तोच आहे. तो म्हणतो, मामी, मी कान बंद करतो. मी म्हटलं, मग लिहिशील कशानं?

चौथा, कुणी पाहिलं? डॉक्टरनं. तर आता त्याचं ऐक.

परवा तो स्वतः घरी आला, कळप उलटल्याबद्दल वाईट वाटतं म्हणून सांगायला. कुणी तरी त्याला त्याची चूक समजावली असावी. गावानं सामुदायिकपणे समजावली, असं ऐकलं. माणूस वाईट नाही, फक्त फार मोठा आहे. खुर्चीत मावत नव्हता. मी त्याला हरणाच्या डोक्याचं कालवण वाढलं. त्यानं तीन वाट्या घेतल्या आणि असं चविष्ट काही जन्मात खाल्लं नाही म्हणाला. मग मी सांगितलं, हे तेच, ज्याच्याबद्दल तुम्ही तक्रार केलीत. त्याचा चमचा थांबला. मग पुन्हा चालू झाला.

मग म्हणाला, "बाई, इतक्या लहान गोळीनं ते मरतं तरी कसं?"

मी म्हटलं, "तुम्ही दात काढायला कुऱ्हाड वापरता का?"

त्यावर तो इतका हसला की खुर्चीचा एक पाय गेला. नंतर त्यानं माझं तोंड उघडून माझा शेवटचा दात पाहिला आणि हा आणखी दहा वर्षं टिकेल असं सांगितलं. दातानं माझ्याशी सल्लामसलत केलेली नाही.

मुद्द्याचं शेवटी सांगते, चुलीवर कालवण असलं की पोलीससुद्धा घाई करत नाही. डॉक्टर म्हणाला, तक्रार मागे घेतो. ओरव्हिल म्हणाला, एकदा लिहिलेला कागद मागे जात नाही. तेव्हा डॉक्टरनं त्याला जबानी दिली की कड्यावरून पाणी गढूळ दिसत होतं, हरणाचे पाय कुठे होते ते तो शपथेवर सांगू शकत नाही. म्हणजे राहिले दोनच साक्षीदार. एक मी. दुसरं आम्ही खाल्लं.

मी नुसतं 'पोहत होतं' म्हटलं की सुटले, असं ओरव्हिलचं मत. आणि नाही म्हटलं तर? ते मी कागदावरून वाचून घेतलं. दोषी ठरले तर बंदूक माझ्या हाती परत नाही. ज्याच्या नावावर शिकारीच्या गुन्ह्याची एकही चिठ्ठी नाही अशा सख्ख्या नात्यातल्या माणसानं स्वतः गावात येऊन, पोलिसासमोर सही करून ती घ्यायची. तीस दिवसांत कुणी आलं नाही तर तिचा चुरा करायचा.

ते वाक्य मी ओरव्हिलकडून दोनदा वाचून घेतलं. त्याला वाटलं, ऐकू आलं नाही.

तुझी,
लेना आजी


२५ सप्टेंबर

दादास,

या खेपेला तू हातानं लिहिलंस. ओरव्हिलनं पाकीट फोडलं आणि म्हणाला, मामी, हे टंकलेलं नाही. मी म्हटलं, मग हळू वाच.

तू लिहितोस, काही कबूल करू नकोस, विचारलं तर 'पोहत होतं' एवढंच सांग. स्वतःच्या सख्ख्या काकाला एका बदकासाठी चिठ्ठी देणारा माणूस हे लिहितो, म्हणून मला हसू आलं. आणि खाली एक ओळ आहे. 'जमिनीवर बावीस चालवू नये, हे मला कुणी शिकवायला नको.'

चूल विझली, ती पेटवली, आणि आता सांगते. ओरव्हिल, मान खाली घाल आणि जसं बोलेन तसं लिही.

तू पंधरा वर्षांचा होतास. वाळूच्या पट्ट्यावर ती मादी उभी होती, कोरड्या जमिनीवर, साठ पावलांवर. तुझ्या हातात आजोबांची हीच बावीस. तू मारलीस, ती हलली आणि झुडपात गेली. दोन दिवस तू आणि आजोबा रक्त शोधत चाललात. तिसऱ्या दिवशी लांडग्यांनी ठेवलेलं सापडलं. आजोबांनी सगळ्यांसमोर तुझ्या हातातून बंदूक काढून घेतली आणि म्हणाले, ही परत तुझ्या हातात दिसता कामा नये. त्या शरदात तू दूरच्या शाळेत गेलास. मग आणखी दूर. मग बिल्ला लावलास. आजोबांना पुरायला आलास तो एक दिवस, गणवेश घालून, जेवायलाही बसला नाहीस.

सगळे म्हणाले, पोरगा उतावळा. आजोबाही तेच म्हणत गेले.

तू उतावळा नव्हतास. तू बंदूक खाली केली होतीस. मी तुझ्यामागे होडीत उभी होते. दुसऱ्या दिवशी चर्चचं जेवण होतं, आणि चरबी फेटून बोरं घातलेलं माझं गोड साऱ्या नदीवर नावाजलेलं. घरात चरबी संपली होती. त्या मादीच्या पाठीवर चार बोटं चरबी होती, ती मला होडीतून दिसत होती. मी म्हटलं, "मार. लागेल." तू म्हणालास, "आजी, लांब आहे." मी म्हटलं, "दादा असता तर मारलं असतं."

हे आपल्या दोघांनाच माहीत होतं. आजोबा तुला बोलत होते तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी मासे चिरत राहिले. नंतर सांगेन असं मनात होतं. नंतर आजोबा आजारी पडले, आजारी माणसाला कशाला सांगायचं. मग ते गेले, गेलेल्याला कसं सांगायचं. कारणं काय, उन्हाळ्यातल्या डासांसारखी, एक मारलं की दहा.

तू मात्र कधी माझं नाव घेतलं नाहीस. संत्र्यांच्या पेट्या पाठवत राहिलास. गेल्या नाताळातल्या पेटीतली दोन मी अजून खाल्लेली नाहीत, वाळून लाकडासारखी झालीत, हलवली की आत बिया वाजतात.

आणि माझा दादा, खरा तुलुगाक, त्यानं ती मादी मारली नसती. तो म्हणाला असता, लेना, गोडाशिवाय मर. हे मला तेव्हाही माहीत होतं.

ओरव्हिलनं पेन खाली ठेवलंय. उचल म्हटलं. सही राहिली.

लेना


१ ऑक्टोबर

दादास,

काल खटला झाला. शाळेच्या मोठ्या खोलीत टेलिफोन टेबलावर ठेवला होता आणि त्यातून शहरातल्या न्यायाधीशबाईंचा आवाज येत होता. सगळं गाव आलं होतं. मुलांना सुट्टी दिली होती, त्यामुळे निदान त्यांचा तरी माझ्यावर लोभ जडला. मी आजोबांच्या दफनाला शिवलेला अंगरखा घातला होता. बाई टेलिफोनवर होत्या, त्यांना तो दिसला नाही, पण मला माहीत होतं की मी घातलाय.

ओरव्हिलनं कागद वाचला. डॉक्टरची जबानी वाचली, पाय दिसले नाहीत. बाईंच्या आवाजावरून वाटलं की त्यांना जेवायची वेळ झालीय आणि सोडून द्यायचंय. त्यांनी विचारलं, "आजी, हरण पोहत होतं ना?"

ओरव्हिल मध्येच म्हणाला, "बाईसाहेब, त्या जागेबद्दल मला थोडं..."

मी त्याच्या पायावर काठी ठेवली. हलकेच, पण तिच्यावर मी होते.

"नाही," मी म्हटलं, "पाय टेकले होते."

बाईंनी विचारलं, तुम्हाला खात्री आहे? मी म्हटलं, बाई, एक्याऐंशी वर्षं मी हरणांचे पाय बघते आहे, त्यांत बरेच मी शिजवलेत.

शिक्षा अशी की या हिवाळ्यात दर शुक्रवारी शाळेत जाऊन मुलांना मासे चिरायला शिकवायचं. बघ दादा, शेवटी मला शाळेत घातलंच.

मग बंदुकीचं निघालं. बाई म्हणाल्या, चिठ्ठी नसलेला, सख्खा नातेवाईक कोण? ओरव्हिलनं नावं घ्यायला सुरुवात केली आणि लोक हसायला लागले. तुझा काका, बदक. त्याचे दोन्ही मुलगे, त्याच बदकाचे भाऊबंद. माझा पुतण्या, एक मूस हरण. पाळकसाहेब नात्यातले नाहीत, पण त्यांच्या नावावरही एक जाळं आहे असं कुणी तरी मागून सांगितलं. बाईंनी विचारलं, पोलीसदादा, तुम्ही? ओरव्हिल म्हणाला, गेल्या वर्षी मी परवाना घरी विसरलो होतो, तेव्हा मीच मला लिहिली. बाईंना खोकला आला. बराच वेळ आला.

मग मी म्हटलं, "एक नातू आहे. त्याच्या नावावर काही नाही. असतं तर ते माझ्या नावावर हवं होतं."

बाईंनी तुझं नाव लिहून घेतलं आणि तीस दिवस दिले. काल एक गेला.

तू यावंस म्हणून मी हे केलं, असं कुणी तुला सांगितलं तर खरं मानू नकोस. म्हाताऱ्या बायकांना एवढं सुचत नाही. मी फक्त खरं बोलले. एकदा गप्प राहिले होते, आता एकदा बोलले, हिशेब तुझा तू लाव. तुला पटत नसेल तर त्या जागी ये, काठी घाल आणि मोज. पण नदी गोठायच्या आत ये. बर्फ धरलं की सगळीकडेच पाय टेकतात.

बंदूक आली की ती तुझी. आजोबांनी 'परत दिसता कामा नये' म्हटलं होतं, पण ते चुकीचं ऐकून म्हटलं होतं, आणि चुकीचं मी ऐकवलं होतं. तेव्हा तो हुकूम मी मोडते. त्यांना भेटले की मीच सांगेन. डॉक्टरच्या मते त्याला अजून दहा वर्षं आहेत.

चरबी आहे या वेळेला, चार बोटं. बोरंही आहेत. जेवायला बसणार असशील तरच गोड करते.

ओरव्हिल माझ्या सहीखाली आपल्या चार ओळी लिहिणार आहे. मला वाचता येत नाही म्हणून त्याला वाटतं, मला कळत नाही. पेन किती वेळ चालतं ते मला ऐकू येतं. त्यानं काय लिहिलंय ते मला सांगू नकोस.

तुझी धाकटी बहीण आणि आजी,
लेना

वेंडेल, मी ओरव्हिल. मामी चहा ठेवायला उठलीय. त्या दिवशी हरण ओढून आणायला मी गेलो, तेव्हा ते होडीजवळ तरंगत होतं. कागद करायचा म्हणून मी तिथेच माझं लांब वल्हं पाण्यात उभं धरलं आणि पार मुठीपर्यंत खाली सोडलं. मामी बघत होती. "पुरे, वर काढ," म्हणाली.

तळ लागला नव्हता.